चायनाचं वेल्डिंग मशीन घ्यावं का?
"चायनाचा इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक सर्किटवालं हलकं वेल्डिंग मशीन) नको, जुनं जड ट्रान्सफॉर्मरवालं मशीनच घे" असं वर्षानुवर्षं सांगतात, पण नवीन शिकणाऱ्यासाठी हे बरोबर नाही. छोटा इन्व्हर्टर डीसी (एकाच दिशेचा करंट) देतो, आर्क म्हणजे रॉडच्या टोकाची ठिणगी पटकन धरतो, उचलायला हलका असतो आणि घरच्या सिंगल फेजवर चालतो, २.५ मिमी रॉडला साधारण ६० ते ९० अँपिअरच लागतात त्यामुळे खोक्यावरच्या ४०० अँपिअरच्या आकड्याला भुलू नका, तो बऱ्याचदा फुगवलेला असतो. बघायची ती ड्युटी सायकल, म्हणजे तुम्ही वापरणार त्या करंटला मशीन सलग किती वेळ चालतं ते; ६०% म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग, बाकी वेळ मशीन थंड होऊ द्यायचं. खरी काटकसर नडते ती सोबतच्या बारीक केबलमध्ये आणि डोळ्यांसमोर हातात धरायच्या प्लास्टिकच्या शील्डच्या काचेत, तेवढं बदलाच, कारण काच बरोबर नसेल तर आर्कच्या अतिनील किरणांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं रात्रभर चुरचुरतं. आणि घ्यायच्या आधी जवळपास रिपेअर करणारा कोण आहे ते विचारा.