वाळवंटी वास्तुकला

अत्यल्प पाऊस, रखरखीत ऊन, दिवस आणि रात्रीच्या तापमानातली मोठी तफावत आणि लाकूड-पाण्याची कायमची टंचाई असलेल्या प्रदेशांत माणसाने घरे, शाळा, मशिदी, पाणवठे आणि वस्त्या उभारताना ज्या रचनापद्धती घडवल्या, त्यांना वाळवंटी वास्तुकला म्हणतात. गेल्या शंभरेक वर्षांत या संज्ञेला आणखी एक अर्थ आला आहे. ज्या मुलखात कुरणे उजाड होत आहेत, झरे आटत आहेत आणि वाळू उंबऱ्यापर्यंत येऊन ठेपली आहे, तिथल्या लोकांना गाव न सोडता राहता यावे म्हणून कल्पकतेने केलेली बांधकामेही तिच्यात मोडतात. ही नोंद मुख्यतः या दुसऱ्या अर्थाविषयी आहे.

मराठी माणसाला ‘वाळवंट’ म्हटले की आधी पंढरपूर आठवते. चंद्रभागेकाठची वाळू हा या शब्दाचा आपला घरचा अर्थ. थर किंवा सहारासाठी मरुभूमी, मरुस्थल हे शब्द ग्रंथांतून आले. कोल्हापूरच्या वाचकाला तर हा विषय दूरदेशीचा वाटण्याचा संभव आहे, कारण गगनबावड्याला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण तिथून पूर्वेकडे निघालेली एसटी संध्याकाळच्या आत जत-आटपाडीच्या माळावर पोचते, आणि तिथे सालभराचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून कमी. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या करारानुसार शुष्क, अर्धशुष्क आणि कोरड्याकडे झुकणाऱ्या उपार्द्र प्रदेशांत जमिनीचा कस जाणे म्हणजे वाळवंटीकरण. त्याला कारण हवामान असो वा माणूस. वाळूचे डोंगर दिसायलाच हवेत असे नाही. उसाला पाणी पाजून पाजून पांढरी पडलेली शिरोळ तालुक्यातली क्षारपड राने याच कुळातली आहेत. त्यामुळे आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्याने काय केले, हे इथे बसून समजून घेणे अगत्याचे आहे.

जे मिळत नाही, त्याच्यावाचून काम तडीस कसे न्यायचे, या एकाच प्रश्नातून या वास्तुकलेचे रूप घडले आहे. लाकडाचेच घ्या. सपाट छताला तुळया लागतात. कमानी छत घालायचे, तरी ते पक्के होईपर्यंत खालून लाकडी सांगाडा, म्हणजे आपले गवंडी ज्याला सेंट्रिंग म्हणतात ते, द्यावे लागते. इजिप्तच्या दक्षिण टोकाला न्यूबियात इमारती लाकूड जवळजवळ नाहीच. तिथल्या गवंड्यांनी सेंट्रिंगशिवाय कमानी छत घालण्याची रीत काढली. खोलीची मागची भिंत बाजूच्या भिंतींपेक्षा उंच उठवतात आणि तिच्यावर गाऱ्याने, म्हणजे कालवलेल्या मातीने, कमानीची रेघ ओढतात. मोजमापाचे हत्यार नाही, निव्वळ नजर. मग भेंड्यांची, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची, पहिली फेरी त्या भिंतीवर किंचित रेलून लावतात. दुसरी फेरी पहिलीवर रेलते, तिसरी दुसरीवर. सगळ्या फेऱ्या मागे कललेल्या असल्याने गारा ओला असतानाही भेंडा निसटत नाही, आणि एक फेरी जुळून आली की ती कमान म्हणून आपल्या बळावर उभी राहते.

हा भेंडा जवळून पाहण्यासारखा असतो. लांबी सुमारे २५ सेंटिमीटर, रुंदी १५ आणि जाडी फक्त ५. त्यात भुसा नेहमीपेक्षा जास्त, म्हणून वजनाला हलका. ओला असतानाच त्याच्या एका अंगावर दोन बोटांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन खाचा ओढतात. त्या खाचांमुळे गारा भेंड्याला घट्ट धरतो आणि डोक्यावर तिरका लावलेला भेंडा जागच्या जागी राहतो. फेरीच्या बाहेरच्या अंगाला उरलेल्या फटींत खडे आणि खापऱ्या ठोकून बसवतात. लक्झरजवळच्या रामेसियम मंदिराच्या धान्यकोठारांवर अशीच छते होती, आणि त्यांचे काही भाग सुमारे ३२०० वर्षांनंतर आजही उभे आहेत. विजापूरचा गोलघुमट पाहून आपण थक्क होतो ते योग्यच. पण त्यामागे आदिलशाहीचा खजिना होता. न्यूबियाच्या छतामागे दोन गवंडी आणि पायाखालची माती, एवढेच भांडवल.

ही रीत जगापुढे आणली ती इजिप्शियन वास्तुरचनाकार हसन फतही (१९००–१९८९) यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाकूड आणि लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा त्यांनी मातीच्या विटांची कमानी छते स्वतः घालून पाहिली, ती कोसळली. अस्वानच्या धरणावर कामाला असलेल्या त्यांच्या भावाने न्यूबियन गवंड्यांची गोष्ट सांगितली आणि १९४१ मध्ये फतही अस्वानला गेले. तिथे त्यांना अख्खी गावे अशा छतांखाली नांदताना दिसली. पुढे १९४५ मध्ये सरकारने त्यांच्यावर नव्या गुर्ना गावाचे काम सोपवले. जुने गुर्ना प्राचीन थडग्यांवर वसलेले होते आणि थडग्यांतल्या वस्तू विकण्यावर तिथल्या बऱ्याच घरांची चूल पेटत असे. म्हणून सुमारे ७००० माणसे हलवायची होती. फतहींनी मशीद, बाजार, नाट्यगृह, शाळा आणि प्रत्येक कुटुंबाच्या गरजेप्रमाणे वेगळे घर, असे मातीचे देखणे गाव आखले. गावकरी मात्र फारसे आलेच नाहीत, आणि काम अर्ध्यावर थांबले. वारणा-चांदोलीच्या धरणग्रस्तांच्या वसाहती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. घर कितीही चांगले असले, तरी पोटाचा धंदा आणि वाडवडिलांची जागा मागे ठेवून कोणी सुखाने उठत नाही. फतहींच्या कामाची थोरवी याने उणावत नाही. १९८० मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कारांपैकी खास अध्यक्षीय पुरस्कार त्यांना मिळाला. पण गुर्ना हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा धडा आहे आणि तो स्वच्छ सांगितला पाहिजे. ज्यांच्याकडून ही विद्या घेतली, त्या न्यूबियनांची बहुतेक गावे १९६० च्या दशकात अस्वानच्या नव्या धरणाखाली गेली, हे दुःखही याच कथेत आहे.

उष्णतेचा बंदोबस्त हा या वास्तुकलेचा दुसरा गाभा. मातीची जाड भिंत दिवसभराचे ऊन सावकाश आत घेते. ते खोलीत पोचेपर्यंत रात्र होते आणि बाहेरची हवा गार झालेली असते. चौकाच्या घरात रात्रीची थंड हवा खाली साठून राहते आणि सकाळी बराच वेळ पुरते. आपल्या वाड्यांतला चौक हेच काम करतो. इराणमधील याझ्द शहरात घरांवर ‘बादगीर’ नावाचे उंच मनोरे असतात. वरचा वारा पकडून ते तो खाली खोल्यांत सोडतात आणि वारा पडला की तापलेली हवा वर ओढून बाहेर टाकतात. तिथल्या दौलताबाद बागेतला बादगीर सुमारे ३३ मीटर उंच आहे. वाऱ्याच्या वाटेत पाणी असले तर परिणाम आणखी वाढतो. नव्या गुर्नाच्या शाळेत फतहींनी वारा घेणाऱ्या धुराड्यात ओल्या कोळशाचे तबक बसवले आणि आतले तापमान १० अंशांनी उतरल्याची नोंद केली. कुंभाराकडच्या माठात पाणी गार होते, त्यामागचे शास्त्र हेच. माठ पाझरतो, पाझर वाळतो आणि वाळताना उष्णता घेऊन जातो. हवा कोरडी असेल तरच ही युक्ती लागू पडते. घरचा कूलर एप्रिलमध्ये सुख देतो आणि आषाढात नुसती ओल करतो, हे कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून बादगीर जसाच्या तसा इथे आणून काही साधणार नाही.

मातीचे बांधकाम दरवर्षी हात मागते. मालीमधील जेन्ने येथील मोठी मशीद हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आजची इमारत १९०७ ची. दरवर्षी पावसाळ्याआधी सारे गाव जमून तिला नवा गिलावा करते. माती आणि भाताचा कोंडा आधीच भिजत घातलेला असतो. बायका पाणी आणतात, पोरे मातीच्या पाट्या घेऊन धावतात आणि भिंतीतून बाहेर आलेल्या लाकडी खुंट्यांवर चढून तरुण हातांनी लिंपतात. त्या खुंट्या शोभेच्या वाटतात, पण ती कायमची परांची आहे, दरवर्षी नवी बांधावी लागत नाही. दसऱ्याआधी घर सारवून घेणाऱ्या आपल्या आया-आज्यांना हे दृश्य ओळखीचे वाटले असते. डागडुजीची गरज हा मातीचा दोष मानला जातो. माझ्या मते गावाला दरवर्षी एकत्र आणणारे असे दुसरे निमित्त सहज सापडत नाही.

साहेलच्या पट्ट्यात, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेला, जंगलतोडीमुळे छताला लाकूड उरले नाही, म्हणून लोक पत्र्याकडे वळले. पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. तिथे न्यूबियन छत पुन्हा रुजवण्यासाठी २००० मध्ये बुर्किना फासोतला एक शेतकरी आणि एक फ्रेंच गवंडी यांनी संस्था काढली. कोरड्या ऋतूत शेतीची कामे नसतात. त्या महिन्यांत तरुण उस्ताद गवंड्याच्या हाताखाली शिकतात आणि शिकता शिकता घरे उभी राहतात. त्याच देशातले वास्तुरचनाकार फ्रान्सिस केरे यांनी आपल्या जन्मगावी २००१ मध्ये शाळा बांधली. त्यांनी पत्रा टाकून दिला नाही. मातीच्या विटांचे छत खाली घेतले आणि पत्रा त्याच्या बराच वर, सळयांच्या तिकाटण्यांवर, मोकळा ठेवला. मधल्या पोकळीतून वारा वाहतो, उष्णता निघून जाते आणि पावसापासून मातीचे रक्षण होते. गावातल्या बायाबापड्यांनी दगड-पाणी वाहून ही शाळा उभी केली. २०२२ मध्ये केरे यांना वास्तुकलेतला प्रतिष्ठेचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकी.

भारतात थरच्या वाळवंटात जैसलमेरजवळ कनोई गावी २०२१ मध्ये सुरू झालेली राजकुमारी रत्नावती मुलींची शाळा अभ्यासण्याजोगी आहे. अमेरिकी वास्तुरचनाकार डायना केलॉग यांनी तिला अंड्यासारखा लंबगोल आकार दिला. पिवळा वालुकाश्म तिथलाच आणि तो घडवणारे कारागीरही तिथलेच. त्यांच्यातल्या काहींच्या मुलींसाठीच ही शाळा होती. वरच्या जाळीतून वारा येतो, आतला चुन्याचा गिलावा गारवा धरतो, छतावर सौर पट्ट्या आहेत आणि पावसाचा थेंब न् थेंब साठवण्याची सोय आहे. वातानुकूलन यंत्र नाही. सुमारे ४०० मुलींसाठी योजलेल्या या शाळेकडे वाळूतून पाहिले की ती जमिनीतून उगवल्यासारखी दिसते.

कच्छच्या बन्नी भागातले ‘भुंगे’ यांहून साधे. गोल भिंत, वर गवताचे शंकूसारखे छप्पर, आत माती-शेणाच्या लिंपणात बसवलेले आरशांचे तुकडे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधली असंख्य पक्की घरे जमीनदोस्त झाली. नीट निगा राखलेले भुंगे मोठ्या संख्येने टिकले, कारण गोल भिंत धक्का एका कोपऱ्यावर घेत नाही. पुनर्वसनात भुंग्याचा आकार म्हणूनच पुन्हा वापरला गेला. बन्नीचे कुरण मात्र वेड्या बाभळीने आणि वाढत्या खारेपणाने झाकोळले आहे, आणि घर टिकले तरी गुरे कुठे चारायची हा प्रश्न उरतो.

काही कल्पना कागदावरच आहेत. स्वीडिश वास्तुरचनाकार माग्नुस लारसन यांनी २००८ च्या सुमारास सहाराच्या कडेने सुमारे ६००० किलोमीटर लांबीची, वाळूचीच भिंत सुचवली. जमिनीतल्या एका जिवाणूच्या साहाय्याने वाळूचे कण चुनखडीने सांधून टेकडीचा दगड करायचा आणि त्याच्या पोटातल्या सावलीत माणसे नि झाडे वसवायची, असा तो विचार. आफ्रिकी संघाने २००७ मध्ये हाती घेतलेल्या ८००० किलोमीटरच्या हरितभिंतीला तो जोड देणारा होता. ती हरितभिंतही पुढे झाडांची सलग रांग न राहता गावोगावच्या पडीक जमिनी सुधारण्याचे काम झाली. हा बदल शहाणपणाचा होता.

मातीची मर्यादाही तेवढीच खरी. इजिप्तमधील सीवा मरूद्यानात मीठ-मातीच्या गोळ्यांनी बांधलेले शाली हे तटबंदीचे गाव शतकानुशतके उभे होते; १९२६ मध्ये तीन दिवस पाऊस लागला आणि ते राहण्याजोगे उरले नाही. पंचगंगेच्या २०१९ च्या महापुरात करवीर-शिरोळकडच्या कच्च्या भिंती पाण्यात बसल्या, ते आपण डोळ्यांनी पाहिले. पूररेषेत मातीचे घर सुचवणे हा गुन्हाच ठरेल.

जत, मंगळवेढा, आटपाडी या पट्ट्यात मात्र माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे अजून सापडतात. जाड भिंती, लाकडी तुळयांवर किलचे (लाकडाच्या आडव्या चिपा), त्यावर पांढऱ्या मातीचा थर आणि उजेडापुरता छतात झरोका. भर वैशाखात अशा घरात शिरले की डोळे अंधाराला सरावण्याआधी अंगाला गारवा लागतो. मृगाच्या आधी माळवदावर नव्या पांढऱ्या मातीचा हात फिरवावा लागतो, उतार पाहून ती धोपटावी लागते आणि पन्हळीची वाट मोकळी करावी लागते. हे काम जाणणारे बहुतेक जण आता साठीपलीकडचे आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या नव्या घरांवर पत्रा चढला आहे.