बर्ड, पिअर्स आणि बोस्टनला पुन्हापुन्हा पडलेला प्रश्न

१९९२च्या ऑगस्टमध्ये बोस्टनच्या बास्केटबॉल संघातल्या लॅरी बर्डनं निवृत्ती जाहीर केली तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. पाठ इतकी गेली होती की बदली खेळाडू मैदानात असताना तो बाकावर बसायच्या ऐवजी कोर्टाच्या कडेला जमिनीवर पालथा पडून राहायचा. वर्षभरानं केव्हिन मॅकहेल थांबला. १९९४ मध्ये रॉबर्ट पॅरिश करार संपवून शार्लटला गेला. बोस्टन सेल्टिक्सला १९८१, १९८४ आणि १९८६ अशी तीन विजेतेपदं मिळवून देणारं त्रिकूट दोन वर्षांत पांगलं. त्यांच्या जाण्यानं संघाच्या हाती ना एखादा तरुण खेळाडू आला, ना ड्राफ्टमधली, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वाटपातली, एखादी निवड.

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या संघापुढे हाच पेच असतो. तिशी ओलांडलेले तारे अजून किंमत आहे तोवर दुसऱ्या संघाला द्यावेत आणि ड्राफ्टमधून नवा संघ उभारावा, की त्यांना शेवटपर्यंत जपावं? या वादाची मुळं समजून घ्यायला बोस्टनइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण एकाच संघानं वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली आणि प्रत्येकाची किंमतही मोजली.

आधी ड्राफ्टबद्दल थोडं. आयपीएलच्या लिलावात पैसे मोजेल त्याला खेळाडू मिळतो. एनबीएत नवोदितांवर बोली लागत नाही. संघ आळीपाळीनं एकेक खेळाडू निवडतात आणि आदल्या हंगामात जो तळाला राहिला त्याचा नंबर साधारण आधी लागतो. हा निवडीचा हक्क खेळाडूसारखाच दुसऱ्या संघाला देता येतो, तोही पुढच्या कित्येक वर्षांचा. १९८४-८५ पासून संघांच्या पगारखर्चावर मर्यादा आहे आणि १९९५ पासून पहिल्या फेरीत निवडलेल्यांचे सुरुवातीचे पगार ठरलेले असतात. म्हणजे विशीतला एखादा तारा सापडला तर पहिली चार वर्षं तो त्याच्या खऱ्या मोलाच्या कितीतरी कमी पैशांत खेळतो. त्यात बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण असतात आणि ४८ मिनिटांच्या सामन्यात मुख्य खेळाडू पस्तीस-चाळीस मिनिटं खेळतो. एक माणूस अख्ख्या संघाचं नशीब पालटू शकतो ते यामुळे.

तळाला बक्षीस म्हटल्यावर तळ गाठण्याची शर्यत लागणारच. १९८४ पर्यंत पूर्व आणि पश्चिम विभागांतल्या शेवटच्या संघांत नाणेफेक करून पहिली निवड कुणाची ते ठरायचं. ह्यूस्टन रॉकेट्सनं लागोपाठ दोन वर्षं ती जिंकली. १९८३ मध्ये राल्फ सॅम्पसन घेतला आणि १९८४ मध्ये हकीम ओलाजुवान. ह्यूस्टन मुद्दाम हरला असा गवगवा झाला आणि १९८५ पासून पहिली निवड सोडतीनं ठरवणारी लॉटरी आली.

बोस्टनचे सूत्रधार रेड ऑरबॅक हे या बाजारातले पक्के व्यवहारी. १९८० मध्ये त्यांनी पहिल्या आणि तेराव्या क्रमांकाच्या निवडी गोल्डन स्टेटला दिल्या आणि बदल्यात पॅरिश आणि तिसरी निवड घेतली. त्या तिसऱ्या निवडीतून मॅकहेल आला. १९८४ मध्ये गेराल्ड हेंडरसनला सिअॅटलला देऊन त्यांनी १९८६ची पहिल्या फेरीची निवड मिळवली. ती दुसऱ्या क्रमांकाची निघाली. म्हणजे ६७ सामने जिंकून विजेता झालेल्या संघाला त्याच महिन्यात देशातल्या सर्वोत्तम तरुणांपैकी एक, मेरीलँड विद्यापीठाचा लेन बायस, निवडता आला. ड्राफ्टनंतर दोन दिवसांनी, १९ जून १९८६ रोजी, कोकेनमुळे बायसचा मृत्यू झाला.

इथून पुढचं समजून घेताना ऑरबॅकना सरळ दोष देणं मला जमत नाही. त्यांनी वारसदार आणला होता. तो गेल्यावर १९८७ मध्ये बाविसाव्या क्रमांकावर रेजी लुईस शोधला आणि तो पुढे संघाचा कर्णधार झाला. जुलै १९९३ मध्ये हृदयविकारानं लुईसही गेला. अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. एका संघानं सात वर्षांत असे दोन तरुण गमावल्यावर नियोजन चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नाही.

पण जुन्यांना जपण्याचा निर्णयही खरा होता. मॅकहेल १९८७ मध्ये मोडलेल्या पायानं प्लेऑफ खेळला आणि तो पाय पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. दोन्ही टाचांच्या शस्त्रक्रियेमुळे बर्ड १९८८-८९च्या हंगामात सहाच सामने खेळला. त्या संघातला डॅनी एंज पुढे अनेकदा सांगत आला आहे की, बर्ड आणि मॅकहेलला किंमत येतेय तोवर दुसरीकडे पाठवा असं त्यानं ऑरबॅकना तेव्हाच सुचवलं होतं. ऑरबॅकनी ते मानलं नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये सॅक्रामेंटोला रवाना झाला तो एंज स्वतः.

मग घसरण आली. १९९६-९७ मध्ये बोस्टननं १५ सामने जिंकले, ६७ गमावले. संघाच्या इतिहासातला हा सर्वांत वाईट हंगाम. सगळ्यांची नजर वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या टिम डंकनवर होती. बोस्टनकडे स्वतःची आणि डलासकडून आलेली अशा दोन निवडी होत्या आणि डंकन मिळण्याची शक्यता सगळ्यांत जास्त त्यांचीच होती. लॉटरीत वाट्याला आले तिसरा आणि सहावा क्रमांक. तिसऱ्यावर घेतलेल्या चॉन्सी बिलप्सला नव्या प्रशिक्षकानं, रिक पिटिनोनं, पहिल्याच हंगामात टोरांटोला देऊन टाकलं. तोच बिलप्स २००४ मध्ये डेट्रॉइटकडून अंतिम मालिकेचा मानकरी ठरला. हरून मिळवलेल्या निवडीवर विसंबणाऱ्यांनी हे प्रकरण नीट वाचावं. लॉटरी फिरली तर फिरली, पण जे हाती आलं होतं तेही वाट पाहण्याच्या तयारीअभावी गेलं.

डंकन सॅन अँटोनियोला गेला. त्या संघानं आपला तारा विकला नव्हता. डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे त्या हंगामात फक्त सहा सामने खेळला म्हणून ते तळाला गेले होते. एकतिशी गाठलेल्या रॉबिन्सनच्या शेजारी डंकन उभा राहिला आणि दोघांनी मिळून १९९९ आणि २००३ची विजेतेपदं जिंकली. विकण्याच्या बाजूनं बोलताना मला हे उदाहरण नेहमी अडवतं.

२००७ मध्ये एंज बोस्टनचा व्यवस्थापक होता आणि पाळी पुन्हा आली. सलग १८ पराभव, हंगामात २४ विजय, लीगमध्ये खालून दुसरे. ग्रेग ओडन किंवा केव्हिन ड्युरांट या नावाजलेल्या नवोदितांपैकी एक मिळेल अशी आशा होती, लॉटरीनं पाचवा क्रमांक दिला. वीस-एकवीस वर्षांच्या पोरांनी भरलेल्या संघात संघाचा तारा पॉल पिअर्स तिशीला टेकला होता आणि त्याला विका असं म्हणणारे कमी नव्हते. एंजनं बरोबर उलटं केलं. पाचवी निवड देऊन सिअॅटलकडून रे ॲलन आणला आणि पाच खेळाडू व दोन निवडी मोजून मिनेसोटातून केव्हिन गार्नेट. समोरच्या टेबलावर मिनेसोटाच्या वतीनं बसला होता एंजचा जुना सहकारी मॅकहेल. पुढच्याच हंगामात बोस्टननं ६६ सामने जिंकले आणि २२ वर्षांनी विजेतेपद मिळवलं.

मिनेसोटाचं काय झालं? ताऱ्याच्या बदल्यात तरुण मुलं आणि निवडी घेणं हीच तर पुनर्बांधणीची पाठ्यपुस्तकी रीत. २००९च्या ड्राफ्टमध्ये त्यांच्याकडे पाचवी आणि सहावी अशा लागोपाठ निवडी होत्या. त्यांनी रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन घेतले. सातवा गेला पुढे महान ठरलेला स्टीफन करी. गार्नेट गेल्यानंतर मिनेसोटाला प्लेऑफ दिसायला २०१८ उजाडलं.

त्यानंतर २०१३. पिअर्स ३५ वर्षांचा, गार्नेट ३७, ॲलन आदल्या वर्षीच मायामीला गेलेला, प्रशिक्षक डॉक रिव्हर्स लॉस एंजेलिसला. त्या जूनमध्ये ड्राफ्टच्या रात्री बातमी फुटली की पिअर्स, गार्नेट आणि जेसन टेरी ब्रुकलिन नेट्सकडे चाललेत. नेट्स नुकतेच न्यू जर्सीहून ब्रुकलिनच्या नव्या स्टेडियममध्ये आले होते. मालक मिखाईल प्रोखोरोव यांना विजेतेपद हवं होतं, तेही लगेच, आणि त्या घाईपायी त्यांनी एका हंगामात सुमारे नऊ कोटी डॉलर निव्वळ लक्झरी टॅक्सपोटी, म्हणजे पगारखर्च ठरावीक रेषेपलीकडे नेल्याच्या दंडापोटी, भरले. एंजनं पगारांचा मेळ बसवायला नेट्सचे काही महागडे करार उचलले. खरी किंमत वेगळी होती. २०१४, २०१६ आणि २०१८ या तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी, शिवाय २०१७ मध्ये आपली निवड त्यांच्याशी बदलून घेण्याचा हक्क.

या व्यवहारातलं मर्म मला इथे दिसतं. म्हाताऱ्या ताऱ्यांना घेणारा संघ काही वर्षांनी म्हातारा होणार हे उघड असतं. एंजनं नेमकी ती वर्षं मागितली. नेट्स पहिल्या हंगामात ४४ सामने जिंकून दुसऱ्या फेरीत मायामीकडून हरले. पिअर्स वर्षभरानं वॉशिंग्टनला गेला, गार्नेट फेब्रुवारी २०१५ मध्ये परत मिनेसोटाला. पुढे नेट्स २१ विजय, मग २० विजय असे बुडत गेले आणि त्या बुडण्याचं फळ बोस्टनला मिळत राहिलं. २०१६ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जेलन ब्राउन. २०१७ मध्ये थेट पहिली निवड. ती एंजनं फिलाडेल्फियाला दिली, तिसरी निवड आणि वर आणखी एक भावी निवड घेतली, आणि तिसऱ्यावर हवा होता तोच जेसन टेटम घेतला. फिलाडेल्फियानं पहिल्यावर घेतलेला मार्केल फुल्ट्झ त्यांच्यासाठी ३३ सामने खेळला. २०१८ची निवड काइरी अर्व्हिंगला आणताना क्लीव्हलँडला गेली.

या सगळ्या काळात बोस्टन स्वतः एकच हंगाम खरा बुडाला, २०१३-१४ मध्ये, २५ विजयांवर. ब्रॅड स्टीव्हन्स हा छत्तीस वर्षांचा नवा प्रशिक्षक कॉलेजमधून आला आणि दुसऱ्याच वर्षी संघ प्लेऑफमध्ये होता. २०१७ मध्ये पहिली निवड हाती असताना हा संघ ५३ सामने जिंकून पूर्व विभागात पहिला होता. तरुण खेळाडू जिंकणाऱ्या संघात वाढले, आणि फिलाडेल्फियाचा मार्ग नेमका इथेच वेगळा पडला. २०१३च्या त्याच ड्राफ्टच्या रात्री फिलाडेल्फियाचे व्यवस्थापक सॅम हिंकी यांनी ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक ताऱ्यांत गणला गेलेला, जरू हॉलिडे न्यू ऑर्लिन्सला दिला आणि उघड उघड हरण्याचा कार्यक्रम सुरू केला. १९, १८ आणि मग १० विजय. त्यातून जोएल एम्बीडसारखा महान खेळाडू निघाला हे मान्य, पण ज्या वातावरणात जिंकणं हा गुन्हाच वाटावा तिथे बाकीच्या मुलांना काय शिकायला मिळालं असेल? तो संघ आजवर एम्बीडसह दुसऱ्या फेरीपलीकडे गेलेला नाही. २०२४ मध्ये ब्राउन आणि टेटमच्या बोस्टननं अठरावं विजेतेपद जिंकलं तेव्हा त्यांच्यात जरू हॉलिडे होता.

ओक्लाहोमा सिटीनं २०१९ मध्ये बोस्टनचाच धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला. आपला तारा पॉल जॉर्ज लॉस एंजेलिस क्लिपर्सना देताना संघाचे व्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी पाच निवडी तर घेतल्याच, शिवाय शे गिल्जस-अलेक्झांडर हा तेव्हा वीस वर्षांचा खेळाडू मागून घेतला. २०२५चं विजेतेपद त्याच्याभोवती उभं राहिलं. उलट सॅक्रामेंटो किंग्ज. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांचा हा संघ २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सशी खेळून गेला, त्यामुळे आपल्याकडे अनेकांना जवळचा. त्यांनी २०१७ मध्ये आपला तारा डीमार्कस कझिन्स विकला, २०१८ मध्ये दुसऱ्या निवडीवर मार्व्हिन बॅगली घेतला आणि पुढे मोठा तारा ठरलेला लुका डॉन्चिच तिसऱ्यावर जाऊ दिला. त्यांचा सोळा हंगामांचा प्लेऑफचा दुष्काळ २०२३ मध्ये फिटला तो टायरीस हॅलिबर्टन हा तरुण पेसर्सना देऊन डोमँटस सबोनिस हा तयार खेळाडू आणल्यावर.

लीगनं २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांची पहिल्या निवडीची शक्यता सारखीच, १४ टक्के, केली. २०२५ मध्ये १.८ टक्के शक्यता असलेल्या डलासला पहिली निवड लागली. हरण्याचा मोबदला कमी झालाय. त्यामुळे आज ज्याच्याकडे वय झालेला तारा आहे त्यानं स्वतः तळाला जाण्याचे बेत आखण्यापेक्षा घाईत असलेला खरेदीदार शोधावा आणि त्याची चार-पाच वर्षांपुढची निवड मागावी, असंच मी म्हणेन. तसा खरेदीदार नसेल तर रॉबिन्सनसारखा आपला माणूस आपल्याकडेच ठेवावा.

२६ जानेवारी २०१४ रोजी पिअर्स आणि गार्नेट नेट्सच्या काळ्या पोशाखात बोस्टनला खेळायला आले. त्यांच्या जुन्या क्षणांची चित्रफीत दाखवली गेली, सगळं स्टेडियम उभं राहिलं. पंधरा हंगाम त्या शहरासाठी खेळलेला पिअर्स पाहुण्यांच्या बाकाजवळ होता. जुलै २०१७ मध्ये बोस्टननं त्याच्याशी पुन्हा करार केला, सेल्टिक म्हणून निवृत्त होता यावं एवढ्यासाठीच. ११ फेब्रुवारी २०१८ ला त्याची ३४ नंबरची जर्सी स्टेडियमच्या छताखाली चढली, बर्डच्या ३३ आणि मॅकहेलच्या ३२ नंबरांच्या सोबतीला. संघात तेव्हा ब्राउन एकवीस वर्षांचा होता, टेटम एकोणीस.