म्योडलारॉइट: हद्द वेगळी, भिंत वेगळी

जर्मनीतल्या म्योडलारॉइटला ‘छोटं बर्लिन’ म्हणतात. जेमतेम ५० वस्तीचं हे खेडं शीतयुद्धाने दुभंगलं, असं सर्रास सांगितलं जातं. हे सांगताना गावातून जाणारी हद्द आणि गावात उभी राहिलेली भिंत एकच धरली जाते, आणि गावाचा खरा इतिहासच हरवतो.

हद्द फार जुनी. गावातून टानबाख नावाचा ओढा वाहतो, उडी मारून ओलांडावा एवढाच. १८१० साली त्याच्या कडेने दगड रोवले गेले: पश्चिमेला बव्हेरियाचं राज्य, पूर्वेला रॉइसचं संस्थान. पण गावगाडा एकच राहिला. शाळा आणि गुत्ता पूर्वेच्या भागात, चर्च पश्चिमेला शेजारच्या ट्योपेनमध्ये. ओढा ओलांडल्याशिवाय कुणाचंच चालत नसे.

महायुद्धानंतर तीच हद्द अमेरिकी आणि सोव्हिएत ताब्यातल्या मुलखांमधली सीमा झाली, १९४९ मध्ये दोन देशांमधली. १९५२ मध्ये पूर्व जर्मनीने फळ्यांचं कुंपण घातलं, १९६६ मध्ये काँक्रीटची भिंत: सुमारे ७०० मीटर लांब, ३.३ मीटर उंच. ती ओढ्यावर नव्हती, ओढ्यापासून जरा आत, पूर्वेच्याच जमिनीवर होती. म्हणजे भिंतीपुढचा चिंचोळा पट्टाही पूर्व जर्मनीचाच. पलीकडच्या शेजाऱ्याला नुसता हात करायलाही पूर्वेच्या लोकांना बंदी होती. मला सगळ्यात क्रूर वाटतं ते हेच. शंभरहून अधिक वर्षं हद्दीने जे केलं नाही, ते भिंतीने केलं.

९ डिसेंबर १९८९ रोजी पायी ये-जा सुरू झाली. १७ जून १९९० रोजी भिंत पाडली. एक तुकडा संग्रहालयासाठी राखला आहे.

हद्द मात्र जागची हलली नाही; आता ती जर्मनीच्याच बव्हेरिया आणि थुरिंगिया या दोन राज्यांमधली आहे. पश्चिमेचा भाग बव्हेरियातल्या ट्योपेनकडे, जिल्हा होफ. पूर्वेचा भाग थुरिंगियातल्या गेफेल या छोट्या शहराकडे, जिल्हा साले-ओर्ला. त्यामुळे एका खेड्याला महापौर दोन, पिनकोड दोन. गाड्यांच्या नंबरप्लेटवर इकडे ‘एचओ’, तिकडे ‘एसओके’. सुट्ट्यासुद्धा जुळत नाहीत: ३१ ऑक्टोबरला धर्मसुधारणा दिनाची सुट्टी थुरिंगियात असते, दुसऱ्या दिवशी सर्वसंत दिनाची बव्हेरियात.