फ्रेंचमधले तपासणी रिपोर्ट इंग्रजीत करून घेताना: कोणाला काय लागतं, कागदपत्रं कोणती

ठिबकच्या, सोलर पंपाच्या नाहीतर डाळ मिलच्या कामावर सेनेगल, आयव्हरी कोस्ट, काँगो, मादागास्करला गेलेली माणसं आता जळगावातच नाही, चोपडा-शिरपूरकडेही भेटतात. काही मुलं शिकायला थेट फ्रान्सला जातात. तिकडे आजारपण आलं की रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळ्याचे रिपोर्ट फ्रेंचमध्ये हातात पडतात, आणि गावी आल्यावर आई विचारते, "यामा काय लिखेल शे?"

भाषांतराला पैसे देण्याआधी एक गोष्ट पक्की करा: हा कागद मागतंय कोण? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

डॉक्टरांसाठी

जळगाव-धुळ्याच्या डॉक्टरांना फक्त दाखवायचं असेल तर नोटरी, स्टॅम्प पेपर काही लागत नाही. फ्रेंच नीट येणाऱ्या माणसाकडून केलेलं साधं, पूर्ण भाषांतर पुरतं. मोबाइलच्या ॲपवर अंदाज घ्यायला हरकत नाही, पण औषधाचा डोस त्यावरून ठरवू देऊ नका. मूळ रिपोर्ट मात्र प्रत्येक वेळी सोबत न्या.

विमा आणि व्हिसा

इथे प्रमाणित भाषांतर लागतं. भारतात फ्रान्ससारखी कोर्टाच्या यादीवरच्या शपथबद्ध भाषांतरकारांची पद्धत नाही. त्यामुळे कोणी "सरकारमान्य" म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर कोणाची मान्यता ते आधी विचारा. प्रमाणित म्हणजे भाषांतरकाराने सहीनिशी दिलेलं लेखी प्रमाणपत्र.

ब्रिटनच्या व्हिसासाठी त्यात चार गोष्टी हव्यात: भाषांतर मूळ कागदाशी तंतोतंत जुळतं असं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव व सही, आणि त्याचा संपर्क. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला भाषांतर पूर्ण आणि अचूक असल्याचं, शिवाय आपण ते करायला सक्षम आहोत असंही भाषांतरकाराने लिहून द्यावं लागतं. कॅनडाला जायचं असेल तर थांबा! तिथलं इमिग्रेशन खातं इंग्रजीइतकीच फ्रेंच कागदपत्रंही स्वीकारतं. तो खर्च करूच नका. आणखी एक: ब्रिटनची टीबी तपासणी किंवा अमेरिका-कॅनडाची वैद्यकीय तपासणी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. जुना फ्रेंच रिपोर्ट तिची जागा घेत नाही. पूर्वीचे उपचार समजावून सांगायला तो उपयोगी पडतो, एवढंच.

विमा कंपनीला नोटरी लागते का, हे ई-मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर एक सांगतात आणि क्लेम लागताना दुसरंच मागतात, असं होतं. १९५२च्या नोटरी कायद्यात भाषांतर पडताळण्याचा अधिकार नोटरीला आहे. पण ज्यांना फ्रेंच येत नाही ते भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रावरच शिक्का देतात. म्हणून भाषांतरकाराला स्वतः हजर राहावं लागतं. त्याची सही आधीच झालेला कागद घेऊन तुम्ही एकटे कोर्टाच्या आवारात गेलात तर हेलपाटा पडेल.

भाषांतर कोणाकडून? स्वतः किंवा नातेवाइकाकडून नको, घरात कितीही चांगलं फ्रेंच येत असलं तरी. पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, पुणे-मुंबईत अलायन्स फ्रान्सेझ ही फ्रेंच शिकवणारी संस्था आहे. तिथून माहीतगार माणसं कळतात. काम स्कॅनवर होतं, खान्देशातून जाण्याची गरज नाही.

आकडे बदलू देऊ नका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून सविस्तर सांगते. फ्रेंच रिपोर्टात दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम. उपाशीपोटीची साखर "१,२६ ग्रॅम प्रति लिटर" अशी येते. आपल्या लॅबच्या भाषेत ती १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे डायबिटीस धरायची बरोबर सीमारेषा. प्लेटलेट "२५०" दिसल्या की घरचे घाबरतात, कारण पावसाळ्यानंतर डेंग्यूने आपल्याकडे सगळ्यांना लाखांतले आकडे पाठ झालेत. तिथलं एकक अब्ज प्रति लिटर असतं. २५० म्हणजे अडीच लाख, अगदी व्यवस्थित. क्रिएटिनिन ८८ बघून किडनी गेली असं समजू नका. ते मायक्रोमोलमध्ये असतं, आपल्या मापात साधारण १.

तरीही भाषांतरकाराने हे आकडे स्वतः बदलायचे नाहीत. मूळ आकडा, मूळ एकक, शेजारचा संदर्भ-मर्यादांचा रकाना, तपासणीची पद्धत, सगळं जसंच्या तसं उतरलं पाहिजे. आपल्या मापातला आकडा हवा असेल तर तो डॉक्टर काढतील, किंवा वेगळ्या टिपेत द्यावा. संक्षेपांकडेही बघा: "आयआरएम" म्हणजे एमआरआय, "स्कानेर" म्हणजे सीटी स्कॅन, "व्हीआयएच" म्हणजे एचआयव्ही. नंदुरबार-शिरपूर पट्ट्यात ज्याला सिकलसेल म्हणतात, तो रक्ताचा आनुवंशिक आजार तिथे "द्रेपानोसितोझ" या नावाने येतो. तो शब्द न समजल्याने सुटला, तर लग्नाआधीच्या आणि गरोदरपणातल्या सल्ल्याचा पायाच जातो.

काय द्यायचं

रिपोर्टाची सगळी पानं, कोरी वाटणारी मागची बाजूसुद्धा, स्कॅन करून. मोबाइलवर तिरका काढलेला फोटो नको, त्यात स्वल्पविराम दिसत नाही. पासपोर्टाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स द्या, म्हणजे नावाचं स्पेलिंग जुळेल. फ्रेंच कागदावर आडनाव आधी येतं, आणि बापाचं नाव आडनावाच्या जागी छापलेलंही मी पाहिलंय. भाषांतरात ती चूक सुधारायची नसते, खाली टीप द्यायची असते. पेशंट लहान असेल तर आईवडिलांचं पत्र जोडा. शिक्के, सह्या, हाताने लिहिलेला मजकूर यांचाही उल्लेख भाषांतरात हवा.

रिपोर्टच हरवला असेल तर

फ्रान्समध्ये ४ मार्च २००२च्या कायद्याने पेशंटला आपली कागदपत्रं मागण्याचा हक्क आहे. मागणी केल्यावर आठ दिवसांत द्यावी लागतात, पाच वर्षांपेक्षा जुनी असतील तर दोन महिन्यांत. हॉस्पिटलने फाइल साधारणपणे वीस वर्षं ठेवायची असते. पत्र फ्रेंचमध्ये लिहा, ओळखपत्राची प्रत जोडा. पेशंट वारला असेल तर वारसांनाही मागता येतं, पण कारण लिहावं लागतं: मृत्यूचं कारण जाणून घेणं, मृताच्या नावाचा मान राखणं किंवा आपला हक्क मिळवणं. विम्याचा क्लेम या शेवटच्या कारणात बसतो. नातं दाखवणारा जन्माचा किंवा लग्नाचा दाखला मराठीत असेल, तर त्याचं फ्रेंच भाषांतरही त्याच वेळी करून घ्या.