शिवणाचा पहिला हात जुन्या साडीवर? जरा थांबा

‘बिघडली तरी चालेल, जुनी साडीच घे,’ हा सल्ला सांगली-मिरजेत शिवण शिकणारीला हमखास मिळतो. घरात सुती लुगडी होती तेव्हा तो बरोबरही होता. आज कपाटातून निघते ती जॉर्जेट नाहीतर सिंथेटिक साडी. ती कात्रीखाली सरकते, दोन थर सारखे कापले जात नाहीत. त्यात जाड सुई आणि दोऱ्याचा ताण जास्त असला की शिवणीवर चुण्या येतात. मशीन बिघडलंय असं वाटतं, पण दोष कापडाचा असतो. सुती साडी असली तरी उजेडात धरून बघा. विरलेल्या जागी शिवणीलगत फाटतेच.

त्यापेक्षा कापड पेठेतून ९० सेंमी पन्ह्याचं (रुंदीचं) सव्वा मीटर साधं सुती कापड आणा. आधी भिजवून, वाळवून इस्त्री करा, नाहीतर तयार कपडा पहिल्या धुण्यात आटतो.

पहिला कपडा म्हणून लहान मुलीचा परकर उत्तम: गळा नाही, बाही नाही. ५० सेंमी उंचीसाठी ५८ सेंमीचे दोन तुकडे पूर्ण पन्ह्यात कापा. जोड किनारीवर येतो, म्हणून दोरे सुटत नाहीत. सुई १४ नंबर, टाका अडीच मिमी. एका जोडाला वरचे १० सेंमी उघडे ठेवा. ही फट विसरली तर नाडी ओवायला तोंडच राहत नाही. वर आणि खाली १ सेंमी आत मोडून ३ सेंमीची दुमड घाला. वरच्या दुमडीत, म्हणजे नेफ्यात, नाडी ओवा.