शैक्षणिक अर्हता व शासकीय वेतनश्रेणी

शासकीय सेवेत वेतनश्रेणी पदाला जोडलेली असते व त्या पदाची किमान अर्हता सेवाप्रवेश नियमांत ठरते. शिक्षणाचा वेतनाशी संबंध येतो तो पदामार्फत. एम. ए. झालेला उमेदवार लिपिक म्हणून रुजू झाला, तरी महाराष्ट्रात त्याला लिपिकपदाची एस-६ (मूळ वेतन दरमहा १९,९००–६३,२०० रुपये) हीच श्रेणी मिळते.

या संबंधाचा उगम काही अभ्यासक गव्हर्नर जनरल हार्डिंजच्या ऑक्टोबर १८४४ च्या ठरावात पाहतात. त्या ठरावाने इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नेमणुकीत अग्रक्रम दिला. वेतनाचे टप्पे मात्र बांधले नाहीत. त्यामुळे सरकारी सेवांविषयीच्या इस्लिंग्टन आयोगाचे (नेमणूक १९१२, अहवाल १९१७) तत्त्व उगमाच्या अधिक जवळचे वाटते: योग्य माणूस मिळावा आणि टिकावा, इतकेच वेतन द्यावे. अर्हतेला बाहेर काय भाव आहे, हा विचार त्यात गृहीत आहे.

अर्हतेची रेघ सर्वांत ठळक ओढली ती सहाव्या केंद्रीय वेतन आयोगाने (अध्यक्ष न्या. श्रीकृष्ण, अहवाल २००८). केंद्रात गट ‘ड’ (शिपाई वगैरे सर्वांत खालची पदे) बंद झाला, प्रवेशासाठी दहावी किंवा आयटीआय ही किमान अट आली. जे कर्मचारी आधीच सेवेत होते पण दहावी नव्हते, त्यांना ४,४४०–७,४४० या तात्पुरत्या श्रेणीत ठेवून प्रशिक्षणानंतर ५,२००–२०,२०० मध्ये ग्रेड वेतन (श्रेणीच्या वेतनात मिळवायची पदानुसार ठरलेली रक्कम) १,८०० वर आणले गेले. महाराष्ट्राने खालचे टप्पे राखले, आणि आजच्या आकड्यांत ते दिसतात. ४,४४० अधिक ग्रेड वेतन १,३०० म्हणजे ५,७४०, त्यास सातव्या वेतन आयोगाच्या २.५७ या गुणकाने गुणले की सुमारे १४,७५२, आणि एस-१ चा आरंभ १५,००० आहे. केंद्राचा पहिला स्तर १८,००० आहे, कारण तेथे गुणाकार ७,००० (५,२०० अधिक १,८००) पासून सुरू होतो.

शिक्षकांत हा फरक नेहमी जाणवतो. डी. एड. प्राथमिक शिक्षक एस-१० (२९,२००) वर, तर माध्यमिक शाळेतील बी. एड. पदवीधर एस-१४ (३८,६००) वर असतो. नोकरीत असताना बी. एड. पूर्ण केल्याने श्रेणी आपोआप बदलत नाही. पद रिक्त असावे लागते आणि पदोन्नतीचा आदेश निघावा लागतो. विद्यापीठीय सहायक प्राध्यापकास (५७,७००) पुढच्या स्तरासाठी पीएच. डी. असल्यास ४, एम. फिल. असल्यास ५, अन्यथा ६ वर्षे सेवा लागते.

केंद्रीय कर्मचाऱ्यास सेवेत मिळवलेल्या उच्च अर्हतेबद्दल २०१९ पासून एकरकमी १०,००० ते ३०,००० रुपये मिळतात. अर्हता कामाशी थेट संबंधित हवी. पदाच्या नियमांत आवश्यक वा इष्ट म्हणून नमूद असेल, तर ती चालत नाही. अर्ज बहुधा याच अटीवर अडतात.

समान कामाला समान वेतन हे तत्त्व येथे कितपत लागू होते, हा वाद जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने म्हैसूरच्या ट्रेसरांच्या (आराखड्यांच्या प्रती काढणाऱ्यांच्या) प्रकरणात मॅट्रिक व बिगरमॅट्रिक अशा दोन श्रेणी वैध ठरवल्या. पुढे १९७४ मध्ये पदविका व पदवीधारक अभियंत्यांत पदोन्नतीसाठी केलेला भेदही मान्य झाला.

वेतननिश्चिती चुकते ती बहुधा सेवापुस्तकात अर्हतेची नोंद नसल्याने किंवा निकालाऐवजी प्रवेशाची तारीख धरल्याने. वेतन पडताळणी पथकाच्या लक्षात येईपर्यंत जादा रक्कम साचलेली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या एका निर्णयानुसार वर्ग ३ व ४ च्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करता येत नाही.