टोकायची गोड नसलेली वाईन

हंगेरीच्या ईशान्य कोपऱ्यात बोद्रोग आणि तिसा या नद्यांच्या संगमाजवळचा टोकाय भाग ओळखला जातो तो 'आसू' या गोड वाईनमुळे. (आसू म्हणजे सुकलेला द्राक्षाचा मणी, आपल्या आसवांशी त्याचं काही नातं नाही.) १७३७ साली राजाज्ञेने या भागाची हद्द आखली गेली, तीही याच वाईनच्या लौकिकापायी. आसूचं मुख्य द्राक्ष फुरमिंट. त्याच द्राक्षाच्या ड्राय, म्हणजे गोड नसलेल्या, वाईनला मात्र मान मिळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

कारण फुरमिंटच्या स्वभावातच आहे. ते उशिरा पिकतं, पिकल्यावरही आंबटपणा सोडत नाही आणि बोट्रायटिस बुरशी त्याला सहज धरते. शरदात नद्यांवरून धुकं चढतं, दुपारी ऊन पडतं, बुरशी सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते, मण्यातलं पाणी उडतं आणि साखर घट्ट होते. असे मणी एकेक करून वेचायचे आणि रसात किंवा तयार वाईनमध्ये भिजवायचे, ही आसूची रीत. म्हणजे ड्राय वाईन होती, पण बरीचशी भिजवणीपुरती. उरलेली साधी वाईन म्हणून खपायची, बागेचं नाव न लावता.

याला एक जुना अपवाद आहे: ड्राय सामोरोद्नी. यात निरोगी आणि सुकलेले मणी न निवडता अख्खे घड एकत्र घेतात. साखर बेताची असेल तर ती सगळी आंबून जाते. मग पिंप थोडं रिकामं ठेवून वर यीस्टची साय धरू देतात. चव शेरी या स्पॅनिश वाईनकडे झुकते, अक्रोडासारखी. चांगली आहे, पण आज ज्याला ड्राय फुरमिंट म्हणतात ती ही नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी व्यवस्था आली आणि मोजमाप वजनावर आलं. ट्रॅक्टर चालावा म्हणून लागवड सपाटीवर उतरली, चढावरच्या बागा ओस पडल्या, जास्त पीक देणारी रोपं लागली. माल प्रामुख्याने सोव्हिएत संघाकडे जायचा. फुरमिंटवर घडांचा भार वाढला की रस पाणचट होतो आणि नुसता आंबटपणा उरतो. या द्राक्षाची बदनामी बरीचशी त्या काळातली.

१९९० नंतर खाजगी मालकी परतली, परदेशी भांडवलही आलं, पण सुरुवातीला सगळ्यांचा डोळा आसूवरच. अडचण अशी की आसूचं हवामान दरवर्षी जुळत नाही आणि जुळलं तरी पिंपात वर्षं जातात. दरम्यान खर्च चालूच. वळण लागलं ते माद गावचे वाईन-उत्पादक इश्तवान सेप्शी यांच्या उराद्या बागेतल्या २००० सालच्या ड्राय फुरमिंटने. एकाच बागेची, वेलीवर कमी पीक ठेवून केलेली, पिंपात आंबवलेली वाईन. ज्वालामुखीच्या खडकावरची बाग चवीत कशी उतरते, हे गोडव्याच्या आडोशाशिवाय दिसलं.

पण ही वाईन करणं सोपं नाही. फुरमिंटच्या एकाच घडात हिरवट, पिकलेले आणि बुरशी धरलेले मणी शेजारी शेजारी असतात. ड्रायसाठी तोडणी साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आसूच्या आधी, आणि निवड उलटी: आसूसाठी जपायचा तो मणी इथे बाहेर काढायचा. तो राहिला तर बुरशीचं लॅकेस हे एन्झाइम रस तपकिरी पाडतं, सल्फर डायऑक्साइडलाही सहज दाद देत नाही. बुरशीच्या ग्लुकन या चिकट पदार्थामुळे फिल्टर तुंबतात. घाई करून लवकर तोडलं तर नुसतं हिरवं सफरचंद. दाबताना जोर केला तर सालीचा कडवटपणा उतरतो, म्हणून पुष्कळजण अख्खे घड हळू दाबतात आणि शेवटचा रस वेगळा काढतात. नव्या ओकचा मोहही अनेकांना नडला. शेजारच्या झेम्प्लेन डोंगरातलं लाकूड उत्तम, पण पिंप लहान आणि कोरं असेल तर व्हॅनिलाखाली द्राक्ष गडप होतं. ३०० ते ५०० लिटरची वापरलेली पिंपं बरी.

बाटलीवर 'सारॉझ' म्हणजे ड्राय. पण इथेही मेख आहे. युरोपीय नियमानुसार ड्राय वाईनमध्ये लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते. मात्र साखर आम्लतेपेक्षा २ ग्रॅमहून जास्त नसेल तर ९ ग्रॅमपर्यंत सवलत आहे. फुरमिंटची आम्लता ७ ग्रॅम असणं काही नवलाचं नाही. त्यामुळे ८ ग्रॅम साखरेची बाटलीही कायद्याने सारॉझच, आणि जिभेलाही ती बहुतेकदा ड्रायच लागते.